उरणची ‘एक दिवसाची सहल’ : पर्यटन-लेख पुरावा म्हणून कसा वाचायचा?

पेट झाली, विषय ठरवायचाय आणि गाईड म्हणतात, ‘आधी संदर्भसाहित्य वाचून या.’ इथे बहुतेक जण थेट पुस्तकं आणि शोधनिबंधांकडे वळतात. रविवार पुरवणीतला सहलीचा लेख किंवा ‘कमी खर्चात वीकएंड’ छापाचा मजकूर आपण साहित्य म्हणून मोजतच नाही. फार तर तळटीपेत टाकतो. माझं म्हणणं उलट आहे. एखाद्या जागेबद्दल सगळ्यात जास्त लोक जे वाचतात ते हेच लेखन असतं. त्यामुळे त्याची समीक्षा करता येणं हे संशोधकाचं प्राथमिक कौशल्य आहे. या पोस्टमध्ये उदाहरण घेतलंय उरणचं. कारण इथे या लेखनप्रकाराची ताकद आणि त्याचा आंधळेपणा, दोन्ही अगदी जवळजवळ दिसतात.

लेखाचा सांगाडा

उरणवरचे पाच-सहा पर्यटन-लेख एकामागोमाग वाचा. लेखक वेगळे, पण सांगाडा एकच निघतो. आधी ‘मुंबईपासून इतकं जवळ असूनही शांत’. मग किनारे : पीरवाडी, नागाव, माणकेश्वर. मग ‘ऐतिहासिक व धार्मिक’ : करंजाची द्रोणागिरी देवी आणि वरचा किल्ला, चिरनेरचा महागणपती, घारापुरीची लेणी. मग ‘अस्सल आगरी-कोळी जेवण’. शेवटी ‘कसे जाल’ आणि ‘कधी जाल’.

म्हणजे तीन कप्पे : किनारा, संस्कृती, खाणं. आणि त्यांना जोडणारा एक रस्ता.

या सांगाड्यात वाईट असं काही नाही. सहलीला निघालेल्या माणसाला हेच हवं असतं. अडचण सुरू होते ती आपण संशोधक हेच तीन कप्पे न तपासता उचलून आपली प्रकरणं बनवतो तेव्हा. माझा मुख्य मुद्दा आत्ताच सांगून टाकतो. उरणमध्ये किनारा, संस्कृती आणि खाणं या तीन गोष्टी वेगळ्या नाहीतच. त्या एकाच गोष्टीतून आल्या आहेत, आणि ती गोष्ट म्हणजे खाडी. तीन कप्पे केले की खाडी कुठल्याच कप्प्यात बसत नाही. आणि जी गोष्ट कुठेच बसत नाही ती नाहीशी झाली तरी लेखाला कळत नाही.

हे पायरीपायरीने पाहू.

पहिला प्रश्न : ‘जवळ’ म्हणजे कुणाला जवळ?

कुठलाही मजकूर वाचताना आधी विचारायचं की बोलणारा उभा कुठे आहे. पर्यटन-लेखात याचं उत्तर पहिल्याच वाक्यात मिळतं, कारण अंतर कुठून तरी मोजावं लागतं. उरणचं अंतर कायम मुंबईपासून मोजलं जातं.

१२ जानेवारी २०२४ला एकाच दिवशी दोन गोष्टी झाल्या. शिवडी ते चिर्ले हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू सुरू झाला आणि खारकोपरच्या पुढे उरणपर्यंत लोकल धावू लागली. ‘उरण आता जवळ आलं’ हे वाक्य तेव्हापासून रूढ झालं. पण जरा थांबा. अटल सेतूवर दुचाकी आणि रिक्षा चालत नाहीत. म्हणजे मोटारवाल्यासाठी उरण जवळ आलं आणि बाइकवाल्यासाठी ते होतं तिथेच राहिलं. लोकलने येणाऱ्याला ते जवळ आलं, पण नवी मुंबईच्या बाजूने. आणि भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला लाँचने येणाऱ्यांसाठी ते पहिल्यापासूनच जवळ होतं. फक्त मोठी ओहोटी असली की मोरा बंदरातल्या गाळामुळे लाँच लागत नाही, खोळंबा होतो. तिथे घड्याळाइतकंच भरती-ओहोटीचंही वेळापत्रक चालतं. ही ओहोटी लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा येणार आहे.

घारापुरीचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. हे बेट उरण तालुक्यात, रायगड जिल्ह्यात. लेणी १९८७ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. तरी बहुतेक मजकुरात ती ‘मुंबईतली प्रेक्षणीय स्थळं’ या यादीत असतात, कारण पर्यटक गेटवेहून बोटीत बसतो. बेटावर राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावं आहेत. समुद्राखालून केबल टाकून तिथे वीज पोचली ती फेब्रुवारी २०१८मध्ये. तोवर संध्याकाळचे काही तास जनरेटर, बस्स. जागतिक वारसा ठरल्यापासून गावात वीज यायला ३० वर्षांहून जास्त काळ गेला. ‘एलिफंटा’ हे नाव वापरणाऱ्या लेखात हा काळ दिसत नाही. ‘घारापुरी’ म्हणणाऱ्या लेखात दिसण्याची शक्यता थोडी वाढते. जागेचं कुठलं नाव वापरलंय, ही नोंद प्रत्येक मजकुराच्या बाबतीत करून ठेवत जा.

नावांवरून एक व्यावहारिक सूचनाही. रायगड जिल्ह्यात पर्यटकांना माहीत असलेले नागाव दोन आहेत. एक अलिबाग तालुक्यातलं आणि एक उरणचं. ‘नागाव बीच’ असा शोध घेऊन सामग्री गोळा केलीत तर दोन्हींचे फोटो आणि अभिप्राय एकत्र येणार. तालुका तपासल्याशिवाय एकही नोंद तक्त्यात टाकू नका. दिसायला क्षुल्लक गोष्ट, पण सादरीकरणात पहिला प्रश्न यावरूनच येऊ शकतो.

दुसरा प्रश्न : चौकटीबाहेर काय ठेवलंय?

इथे आपल्याकडे एक तयार हत्यार आहे. जॉन उरी या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाचं ‘द टूरिस्ट गेझ’ हे पुस्तक १९९०ला आलं. थोडक्यात मांडणी अशी : पर्यटकाचं पाहणं नैसर्गिक नसतं, ते घडवलेलं असतं. जाहिराती, पोस्टकार्डं, मार्गदर्शिका आधीच सांगतात की काय पाहण्यासारखं आहे. मग माणूस तिथे जाऊन तेच शोधतो, तेच टिपतो आणि परत आल्यावर तेच दाखवतो.

पीरवाडीच्या किनाऱ्यावर हे हत्यार झकास चालतं. इथला नेहमीचा फोटो म्हणजे समोर सूर्यास्त, लाटा आणि लांबवर नांगर टाकून थांबलेली जहाजं. फोटो काढणाऱ्याची पाठ कशाकडे असते? जमिनीकडे. आणि त्या बाजूला, किनाऱ्याच्या अगदी जवळ, ओएनजीसीचा प्रकल्प आहे. मुंबई हायमधून येणाऱ्या तेल-वायूवर तिथे प्रक्रिया होते. तालुक्याच्या दुसऱ्या अंगाला जेएनपीटी बंदर आहे, जे २६ मे १९८९ला सुरू झालं. गंमत बघा, बंदर आणि तेल यांच्या धंद्यातली जहाजं फोटोत येतात ती ‘क्षितिजावरची सुंदर जहाजं’ म्हणून. तोच धंदा जमिनीवर आला की चौकटीबाहेर जातो.

इथपर्यंत छान. पण बरेच विद्यार्थी इथेच थांबतात. ‘पर्यटकी नजर स्थानिक वास्तव झाकते’ असा निष्कर्ष लिहून प्रकरण बंद. माझ्या मते उरणच्या बाबतीत हा निष्कर्ष अपुरा आहे, आणि त्याची तीन कारणं आहेत.

एक, पाहणारा बाहेरचाच असतो हे गृहीत धरलं जातं. रविवारी पीरवाडीला येणाऱ्यांत पनवेल-उलव्याची कुटुंबं असतात, तशी खुद्द उरण शहरातली आणि आसपासच्या गावांतलीही असतात. त्यांच्यापैकी कुणाचं माहेर इथलं, कुणाची शेती कधीकाळी इथे होती. त्यांना आपण ‘नजर टाकणारे’ म्हणणार की ‘नजर पडलेले’?

दोन, ही मांडणी डोळ्यावर फार भार देते. उरणला येणारा पुष्कळदा जिभेसाठी येतो. उरी आणि योनास लार्सन यांनी २०११च्या तिसऱ्या आवृत्तीत शरीर, स्पर्श, चव यांना जागा दिली आहे. म्हणून उरी वापरायचा तर नुसती १९९०ची आवृत्ती उद्धृत करून भागणार नाही.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. अनेक किनाऱ्यांवर पर्यटनानेच गावकऱ्यांना हटवलेलं असतं, त्यामुळे तिथे पर्यटनावरची टीका थेट लागू पडते. उरणमध्ये जमीन आणि खाडी गेली ती बंदर, उद्योग आणि नवं शहर यांच्यासाठी. पर्यटन मागाहून आलं. ते दोषी असेलच तर न विचारण्याचं. हिसकावून घेण्याचा दोष त्याच्यावर टाकता येत नाही. या दोन दोषांत फरक न करणारी टीका ऐकायला जोरदार वाटते, पण पुराव्यावर टिकत नाही.

‘संस्कृती’च्या कप्प्यात कोणता इतिहास बसतो?

आता दुसरा कप्पा. चिरनेर बहुतेक यादीत असतं. महागणपतीचं मंदिर आणि सोबत एखादं वाक्य जंगल सत्याग्रहाचं. २५ सप्टेंबर १९३०ला चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगरावर लोकांनी जंगल सत्याग्रह केला, पोलिसांनी गोळीबार केला आणि आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. पर्यटन-लेखात याला ‘ऐतिहासिक महत्त्व’ मिळतं.

त्याच तालुक्यात १६ आणि १७ जानेवारी १९८४ला जासई-दास्तान फाटा आणि नवघर परिसरात शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीला रास्त मोबदला मिळावा म्हणून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली ते आंदोलन होतं. पाच शेतकरी गेले. संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचं जे तत्त्व पुढे आलं, ते या लढ्याची कमाई मानलं जातं. आजही दर जानेवारीत जासईला हुतात्म्यांना अभिवादन होतं. हे मात्र पर्यटनाच्या यादीत क्वचितच सापडतं.

दोन्ही घटनांत सरकारने एखाद्या साधनावर हक्क सांगितला, लोकांनी विरोध केला आणि गोळ्या चालल्या. मग एक ‘स्थळ’ झालं आणि दुसरं का नाही झालं?

इथे मिशेल-रॉल्फ त्रुइयो या हैतीच्या मानवशास्त्रज्ञाचं ‘सायलेन्सिंग द पास्ट’ (१९९५) उपयोगी पडतं. त्याच्या मते इतिहासातली शांतता चार टप्प्यांवर तयार होते : नोंद होताना, नोंदी जपल्या जाताना, त्यांतून कथा सांगितली जाताना आणि त्या कथेला पूर्वलक्षी महत्त्व दिलं जाताना. १९८४च्या घटनेत पहिले दोन टप्पे ठीकठाक आहेत. बातम्या आहेत, सरकारी निर्णय आहेत, स्मारक आहे, पाहिलेली माणसं आहेत. अडलंय ते तिसऱ्या टप्प्यावर, कथेत.

आणि त्याचं कारण मला असं वाटतं : १९३०मधला विरोधी पक्ष देश सोडून गेलाय, त्यामुळे त्याच्याविरुद्धचा लढा आता सगळ्यांचा वारसा झाला आहे. १९८४च्या वादातल्या संस्था, भूखंड आणि फायली अजून चालू आहेत. जो वाद चालू आहे त्याचा वारसा करता येत नाही. म्हणून सहलीच्या लेखात तो येत नाही.

पण सावध. ‘अमुक गोष्ट लेखात नाही’ हे विधान करणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात फसवं असतं. कुठल्याही लेखात जगातल्या बहुतेक गोष्टी नसतातच. गैरहजेरीला ‘मौन’ म्हणायचं असेल तर ती गोष्ट लेखकाच्या आवाक्यात होती हे आधी दाखवावं लागतं. जासईच्या बाबतीत ते दाखवता येतं. अटल सेतू जिथे उतरतो ते चिर्ले आणि जासई शेजारी आहेत, मोटारीने येणारा लेखक त्याच बाजूने येतो. ही एक ओळ तुमच्या युक्तिवादात असली पाहिजे. ती नसेल तर परीक्षक तुमचं ‘मौन’ एका वाक्यात खोडून काढतील.

ताटापासून चिखलापर्यंत

आता खाण्याकडे येऊ. माझ्या मते उरणचा खरा अभ्यास इथून सुरू होतो.

पर्यटन-लेखातलं ‘अस्सल आगरी-कोळी जेवण’ म्हणजे साधारण काय? सुरमई किंवा पापलेट फ्राय, कोळंबीचं कालवण, तांदळाची भाकरी, सोलकढी. चविष्ट असतं, वादच नाही. पण हेच ताट अलिबागला मिळतं, मालवणला थोड्या फरकाने मिळतं आणि दादरलाही मिळतं. सुरमई-पापलेट खोल पाण्यातून, मोठ्या बाजारातून येतात. उरणची खाडी उद्या पूर्ण बुजली तरी हे ताट जसंच्या तसं वाढता येईल.

याच्या शेजारी घरातलं खाणं ठेवा. निवट्या, म्हणजे ओहोटीला चिखलावर उड्या मारणारे ते बारीक मासे. चिंबोऱ्या, तिवरांच्या मुळांतल्या बिळांतून काढलेल्या. खडकावरून फोडून आणलेली कालवं. वाळूतून उकरलेल्या शिंपल्या. उथळ पाण्यातला जवळा, ताजा किंवा सुकवलेला. यांतलं बरंचसं बोटीशिवाय, पायी जाऊन मिळतं. ओहोटी लागली की चिखलात उतरायचं आणि पाणी वर यायच्या आत बाहेर पडायचं. उधाण कधी आणि भांग कधी हे माहीत असावं लागतं. या गोळा करण्यात बायकांचा वाटा मोठा असतो. बोटी, डिझेल आणि परवाने यांच्या नोंदींत ही मेहनत उमटतच नाही.

भाकरीच्या तांदळाचीही हीच गोष्ट. खाडीकाठची भातशेती म्हणजे खारं पाणी अडवायला बांध घालून तयार केलेली खारजमीन. बांध सगळ्यांनी मिळून राखायचा, कारण एका ठिकाणी फुटला तर सगळ्यांच्या शेतात खारं पाणी. आणि मीठ? ‘आगरी’ हे नावच आगराशी, मिठागराशी जोडलं जातं. ब्रिटिशकालीन गॅझेटिअरमध्ये उरणची ओळख मिठागरं आणि मोहाच्या दारूच्या भट्ट्या अशी आहे. किनाऱ्याच्या सौंदर्यापेक्षा सरकारला त्या दोन्हींवरच्या महसुलात रस होता. बघा, तोही एक लेखनप्रकार आणि त्याचेही कप्पे!

हिवाळ्यातली पोपटी घ्या. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, वरून जाळ. आता ती ‘पोपटी पार्टी’ म्हणून विकली जाते. मूळ गणित साधं आहे : भात निघाल्यावर त्याच जमिनीच्या ओलाव्यावर वाल घ्यायचा, शेंगा भरल्या की शेतातच पोपटी लावायची. शेत नसेल तर वाल बाजारातून आणता येतो. पार्टी चालू राहते, मात्र तिच्यामागचं शेताचं चक्र थांबलेलं असतं.

तर माझं गृहीतक असं आहे, आणि हे गृहीतकच आहे, सिद्ध करायला क्षेत्रकार्य लागेल : पर्यटन-लेखात ‘अस्सल’ म्हणून जो पदार्थ ठळक होतो, तो स्थानिक खाडीवर कमीत कमी अवलंबून असतो. म्हणूनच खाडी खालावली तरी ‘अस्सल जेवण’ हा कप्पा भरलेलाच दिसतो.

खाडी खालावली का, याचा पुरावा मात्र पर्यटन-लेखात शोधू नका. तो दुसऱ्या प्रकारच्या कागदांत आहे. पारंपरिक मच्छीमारांनी राष्ट्रीय हरित लवादाच्या पश्चिम विभागाकडे, पुण्याला, दाद मागितली. बंदराच्या विस्तारामुळे खारफुटी गेली, भरतीच्या पाण्याची वाट अडली आणि मासेमारी बुडाली असं त्यांचं म्हणणं होतं. २७ फेब्रुवारी २०१५ला लवादाने १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५.१९ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. पैसे हातात पडण्याची गोष्ट वेगळी आणि लांबलचक आहे. आपल्या कामाचा मुद्दा वेगळा आहे : या कुटुंबांत हनुमान कोळीवाड्याची माणसंही आहेत. म्हणजे तो शेवा कोळीवाडा, जो मुळात बंदरासाठीच उठवून दुसरीकडे वसवला गेला आणि जिथल्या घरांना पुढे वाळवी लागली.

आता हा आदेश आणि ‘अस्सल जेवणा’चा परिच्छेद शेजारी ठेवून वाचा. दोन्ही एकाच पाण्याबद्दल आहेत. एकात मासळी ताटात आहे, दुसऱ्यात तीच मासळी ‘नुकसानीचं परिमाण’ आहे. दोन प्रकारचे मजकूर असे समोरासमोर बसवणं ही पद्धत आहे. हिला फार भारी नाव द्यायची गरज नाही, पण ती करावी लागते.

आपल्याच आरशात

पर्यटन-लेखकांना बोल लावणं सोपं आहे. आता आपल्याकडे बघू.

‘अमुक तालुक्यातील पर्यटन विकासाच्या संधी : एक भौगोलिक अभ्यास’ या साच्याचे प्रबंध-आराखडे तुम्ही पाहिले असतील, कदाचित तुमचाही तसाच असेल. स्थळांची यादी, प्रत्येकाला गुण, पर्यटकांची प्रश्नावली, मग बलस्थानं, उणिवा, संधी आणि धोके असा चौकोनी तक्ता. हा साचा पर्यटन-लेखाचा सख्खा भाऊ आहे. यादी तीच, कप्पे तेच, फक्त भाषा कर्मणी प्रयोगातली.

आणि या तक्त्यात एक गमतीची चूक सहज घडू शकते. ‘स्थानिक खाद्यसंस्कृती’ बलस्थानांत लिहिली जाते. शेजारच्या रकान्यात, उणिवांत, ‘किनाऱ्यावरील अस्वच्छता व दुर्गंधी’. आता कोळीवाड्याशेजारच्या किनाऱ्यावर वास कसला असतो? कचरा, सांडपाणी असतंच, ते नाकारायचं कारण नाही. पण त्यात सुकत घातलेल्या जवळ्याचा, बोंबलाचाही वास असतो. म्हणजे एकच सुकट ताटात आली की बलस्थान आणि वाळूवर पसरली की उणीव! तक्ता एवढ्यावर थांबत नाही. तो ‘शिफारशी’पर्यंत जातो : किनारा मोकळा करा, सुशोभीकरण करा, बाकं बसवा. ज्या वाळूवर मासळी सुकते, जाळी पसरतात, होड्या ओढल्या जातात, ती वाळू कागदावर ‘मोकळी जागा’ होते. खाडीचं नुकसान बंदरामुळे झालं. वाळूवरचा हक्क मात्र आपल्या प्रबंधाच्या शिफारशीमुळेही जाऊ शकतो. या पोस्टमध्ये डाव लागलाय तो इथे.

दुसरी बाजू

हे सगळं वाचून ‘पर्यटन-लेखन म्हणजे थोतांड’ असा निष्कर्ष काढू नका. या लेखनाच्या बाजूने दोन गोष्टी गंभीरपणे सांगितल्या पाहिजेत.

पहिली. हे लेखक नकळत पुरावा साठवतात. लाँचचं भाडं, रस्त्याची अवस्था, खानावळीतला फळा, तारीख असलेले फोटो. पीरवाडीचे दहा-पंधरा वर्षांतले फोटो ओळीने लावले तर वाळू, झाडं आणि दगडी बांधकाम यांचा अंदाज घेता येईल. अट एकच : फोटोच्या वेळी भरती होती की ओहोटी हे ताडून पाहायचं. नाहीतर ओहोटीचा एक फोटो आणि भरतीचा दुसरा ठेवून तुम्ही ‘किनारा खचला’ असं जाहीर कराल.

दुसरी. पर्यटक असणं हे गावाच्या बाजूचंही कारण होऊ शकतं. शनिवार-रविवारी पाहुण्यांना जेवण करून देणाऱ्या बाईला ‘नजरे’चा सिद्धान्त समजावून सांगण्याआधी तिचा महिन्याचा हिशेब विचारावा. आणि ज्या जागेला बाहेरची माणसं ओळखतात ती गुपचूप बुजवणं थोडं अवघड होतं. पाणजेच्या पाणथळीचं उदाहरण समोर आहे. तिथे पक्षी बघायला, फ्लेमिंगोंचे फोटो काढायला बाहेरचे लोक यायला लागले. पुढे भरतीचं पाणी अडवल्याच्या तक्रारी झाल्या तेव्हा मच्छीमार आणि पक्षीप्रेमी एकाच बाजूला उभे दिसले. बाहेरची नजर प्रत्येक वेळी झाकतेच असं नाही. कधीकधी ती साक्षही देते.

मग करायचं काय?

तुमचा तालुका उरण असो, वेंगुर्ला असो की डहाणू, हा सराव करून बघा.

१. त्या जागेबद्दलचे दहा पर्यटन-लेख जमवा. प्रत्येकासाठी एक ओळ : लेखक कुठून निघाला, कोणत्या वाहनाने, भरती-ओहोटीचा उल्लेख आहे का, किती स्थानिक माणसं बोलतात आणि काय बोलतात.

२. लेखांत आलेल्या पदार्थांची यादी करा. मग स्थानिक बाजारात जाऊन प्रत्येकासमोर लिहा : हे आज कुठून आलं? खाडीतून, दुसऱ्या बंदरातून की बर्फाच्या पेटीतून? माझं वरचं गृहीतक तुमच्या तालुक्यात खोटं ठरलं तर उत्तमच. तोच तुमचा निष्कर्ष.

३. त्याच जागेबद्दलचा एक वेगळ्या जातीचा कागद मिळवा : लवादाचा आदेश, भूसंपादनाची अधिसूचना, ग्रामसभेचा ठराव. दोन्हींत समान असलेली ठिकाणं अधोरेखित करा. एकाच ठिकाणाचं वर्णन दोन मजकुरांत कसं बदलतं, त्यावर एक पान लिहा.

४. शेवटी आपला संशोधन-प्रश्न पुन्हा लिहा. ‘उरणमध्ये पर्यटनाची क्षमता किती?’ या प्रश्नाला आकडा मिळेल, पण समज फारशी वाढणार नाही. त्याऐवजी ‘उरणच्या किनाऱ्याचा वापर कोण, कोणत्या भरती-ओहोटीला, कशासाठी करतं, आणि पर्यटन वाढल्यावर त्यातलं काय हललं?’ असं विचारा. हा प्रश्न लांब आहे, ओबडधोबड आहे, पण याला चिखलात उतरावं लागतं.

पुढच्या पोस्टमध्ये यातल्याच दुसऱ्या मुद्द्यावर, म्हणजे बाजारात मासळीचा उगम विचारताना प्रश्नावली का फसते आणि वहीत काय लिहायचं, यावर बोलू. तोवर जवळच्या बाजारात एक चक्कर मारा. शक्यतो ओहोटीनंतर, खाडीवरून येणाऱ्या पाट्या पोचायच्या वेळी.